टेबलाखालच्या वायरी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, रोज सकाळी सावेडीच्या रस्त्यानं ज्याच्याबरोबर चालायला जातो त्या मित्रापाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर या विषयावर माझी जीभ रेटत नाही, काय करणार?

गोष्ट ऐकून तुम्हाला किरकोळ वाटेल. त्यात मारामारी नाही, कोर्टकचेरी नाही. दोन कॉम्प्युटर आहेत, एक मखमली कापड आहे आणि कापडाखाली काही वायरी आहेत. पण मी सरळ वायरींवरच येत नाही, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेलच. थोडा वळसा घालू द्या.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार. मी नगरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो. हुद्दा इंजिनिअरचा. काम म्हणजे खोकं उघडून पंख्यातली धूळ काढणं, प्रिंटरची रिबीन बदलणं, आणि सुप्याच्या कारखान्यांत कुणाचं मशीन बंद पडलं की मोटरसायकलवरून पळणं. पण इंजिनिअर म्हटलं की माणसं खुर्ची देत. चहा देत. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला त्या खुर्चीची फार लवकर सवय लागली.

दुकानातल्या प्रत्येक मशीनवर आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम टाकून ठेवायचो. गिऱ्हाईकाला हिशेबाचा प्रोग्राम दाखवला की ते जांभई द्यायचं. लाल गाडी वळणावरून सुसाट गेली की तेच गिऱ्हाईक खुर्ची पुढं ओढायचं. कॉम्प्युटर किती वेगवान आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं असे, आणि गेममध्ये ते दिसे. मालकांचं म्हणणं होतं, आपण प्रोसेसर विकत नाही, ती लाल गाडी विकतो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. त्या काळात पेंटियम या नावाचा भलता दबदबा होता. साधा पेंटियम टेबलावरच्या मशीनमध्ये असायचा: एक माणूस, एक मशीन, एक काम. आणि त्याच घराण्यातला एक भारी प्रोसेसर नुकताच आला होता, सर्व्हरसाठी बनवलेला, म्हणजे एका मशीनला दहा-वीस कारकून जोडलेले असतात आणि सगळे एकदम काम टाकतात, तिथं लागणारा. किंमत कितीतरी जास्त. मी तो पाहिलेला नव्हता. पण त्याच्याविषयी बोलायचो मात्र असा, की जणू उशाशी घेऊन झोपतो.

याच सुमारास एका दूध संघानं नवीन मशीन घ्यायचं काढलं. संघाचं नाव सांगत नाही. राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला होता, इतकं पुरे. चेअरमनना सगळे आबा म्हणत. त्यांची सासुरवाडी माझं गाव, त्यामुळं मी त्यांचा पाव्हणा. या पाव्हणेपणाचा उपयोग पुढं कसा झाला ते येईलच.

आबांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "हे बघ पाव्हण्या, आपल्या संघाला शोभंल असं मशीन पायजे. लोकांनी म्हनलं पायजे, जिल्ह्यात दुसरं न्हाई."

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं: मग सर्व्हरच घ्या. त्याच्यापुढं साधा प्रोसेसर उभा राहत नाही. कुठलंही काम टाका, निम्म्या वेळात. हे मी संचालकांच्या समोर सांगितलं, चहाचा कप हातात धरून, पायावर पाय टाकून. कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. महाग आहे म्हणजे वेगवान असणार, एवढंच माझं ज्ञान.

त्या खोलीत एकाच माणसानं प्रश्न विचारला. सुजाता साळवे. संघाचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे त्या एकट्याच. बी.एस्सी. झालेल्या, पुढं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. घरचे बौद्ध, वडील वीज खात्यात वायरमन होते. संघातल्या बाकीच्या टेबलांवर बसणारे कुणी ना कुणी संचालकांचे भाचे, पुतणे, जावई होते. या मात्र अर्ज करून, मुलाखत देऊन आलेल्या.

आमच्याकडं दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतात आणि त्याला सगळे पगारच म्हणतात — दुधाचा पगार. कुणी किती दूध घातलं, त्याला फॅट किती लागली, त्याप्रमाणे दर काय, हे सगळं धरून गावोगावच्या माणसांच्या चिठ्ठ्या काढायच्या. पूर्वी सहा कारकून मान मोडून बसायचे. साळवे मॅडमनी त्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. विकत आणलेला नव्हे, स्वतः लिहिलेला. तो त्यांनी कसा लिहिला असेल याचा मी तेव्हा विचारही केला नाही. आज करतो. त्यांना विचारायला दुसरं कुणी नव्हतं. पुस्तकं नगरला मिळत नव्हती. दुपारी डबा खाताना त्या पडद्याकडं बघत जेवायच्या, असं तिथल्या शिपायानं मला कौतुकानं सांगितलं होतं.

तर त्यांनी मला विचारलं, "सर, किंमत जास्त म्हणजे आपल्या कामालाही तेच चांगलं, असं असतं का? इथं तर मी एकटीच बसते. दोन्ही मशीनवर माझा प्रोग्राम चालवून दाखवाल का?"

किती साधा प्रश्न! आणि किती बरोबर! ट्रॅक्टर नांगरटीला असतो आणि मोटरसायकल बाजाराला जायला. ट्रॅक्टर महाग आहे म्हणून कुणी त्याच्यावर बसून भाजी आणायला जात नाही. एवढं मी म्हणालो असतो तर त्या खोलीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला एका मिनिटात कळलं असतं. पण मी ते म्हणालो नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. मला फक्त राग आला. सगळ्यांसमोर विचारलं म्हणून राग आला. मी हसून म्हणालो, जरूर दाखवतो की, दोन्ही मशीन इथं आणून लावतो.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. पुण्याच्या कंपनीनं सर्व्हर दाखवण्यापुरता पाठवला. आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात दोन्ही मशीन शेजारी शेजारी मांडली आणि आमचा तो गेम लावला. साध्या पेंटियमवर लाल गाडी नेहमीसारखी पळाली. सर्व्हरवर लावली — तर वळणावर अडखळायला लागली. चित्र थांबून थांबून पुढं सरकत होतं. मला वाटलं, वायर सैल असेल. वायर बघितली. परत लावली. परत तेच. मग साळवे मॅडमनी फ्लॉपीवर दिलेला पगाराचा प्रोग्राम दोन्हींवर चालवला. साधं मशीन मोकळं झालं आणि सर्व्हर अजून आकडे गोळा करत बसला होता.

याचं कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं, ते काही महिन्यांनी कळलं. पण घडतंय काय, ते डोळ्यांनी दिसत होतं. संघाच्या कामाला साधं मशीन चांगलं होतं. अर्थात, साळवे मॅडमची शंका रास्त होती. मी चूक होतो.

आता मला सांगा, यात अवघड काय होतं? दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणायचं: आबा, मी तपासून बघितलं, तुमच्या कामाला हे नको, ते स्वस्तातलंच घ्या. आबांनी उलट पाठ थोपटली असती. मला कुणी कामावरून काढणार नव्हतं. मालकांना कुठलंही एक मशीन विकलं गेलं तरी चालणार होतं. मग अडत काय होतं? — त्या बाईसमोर चूक कबूल करावी लागली असती, एवढंच. त्या हसल्या असत्या असंही नाही. त्या 'बरं झालं सर, तपासलंत' म्हणाल्या असत्या. आणि तेच मला नको होतं.

संघाच्या सभागृहात टेबलांवर जांभळ्या मखमलीचं कापड असे, पार जमिनीपर्यंत लोंबणारं. सत्काराचं कापड. मी सकाळी लवकर गेलो. दोन मॉनिटर टेबलावर ठेवले, त्यांच्यापुढं दोन कीबोर्ड, आणि मशीनची खोकी टेबलाखाली, कापडाच्या आत. 'शोभा जाते, खोकी खाली ठेवू,' असं मी शिपायाला म्हणालो, आणि त्याला ते पटलं. मग जांभळ्या अंधारात गुडघ्यांवर बसून मी वायरी जोडल्या. डावीकडच्या मॉनिटरपुढं 'सर्व्हर' अशी पाटी होती. त्याची वायर मी साध्या मशीनला लावली. उजवीकडं 'साधा' अशी पाटी होती, त्याची सर्व्हरला. कीबोर्डच्याही तशाच. दोन मिनिटांचं काम. मी वायरी नीट दाबून बसवल्या, सैल राहू नयेत म्हणून.

संचालक जमले. आधी नारळ फुटला. मग गाड्या पळाल्या. डावीकडची लाल गाडी वाऱ्यासारखी, उजवीकडची अडखळत. आबा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. एक संचालक तर उजवीकडच्या गाडीला 'हल की मर्दा' म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. मग पगाराचा प्रोग्राम. साळवे मॅडमनी स्वतः दोन्ही कीबोर्डांवर आज्ञा दिली. डावीकडचं काम आधी संपलं. त्या क्षणभर डावीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर होतं." इतक्या सरळ मनानं म्हणाल्या, की मी मान खाली घालून एखादा पाहुणचार स्वीकारावा तसं ते वाक्य स्वीकारलं.

सर्व्हर आला. दसऱ्याला त्याची पूजा झाली. झेंडूचा हार, वर आपट्याची पानं, हळदकुंकू. जुनं मशीन आबांनी गावच्या शाळेला देऊन टाकलं, त्याचाही फोटो निघाला. आणि त्याच समारंभात त्यांनी माईकवरून जाहीर केलं, की यंदा दिवाळीच्या फरकाच्या चिठ्ठ्या वसुबारसेला घरोघर पोचतील. फरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीला मिळणारी वरची रक्कम. एरवी तो ऐन लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर मिळायचा. गाई-वासरांच्या सणालाच दुधाचा फरक, ही कल्पना आबांना फार आवडली होती. ती त्यांना का सुचली? निम्म्या वेळात, असं मी सांगितलं होतं म्हणून.

मी तिथं पहिल्या रांगेत बसलो होतो.

मधल्या काळात संघानं दुधाचे दर बदलले आणि साळवे मॅडमनी प्रोग्राममध्ये नवं दरपत्रक घातलं. त्यात विशेष काही नव्हतं; पूर्वीही त्यांनी ते अनेकदा केलं होतं. मग फरकाचं मोठं काम सुरू झालं, आणि ते मशीन आपल्या चालीनं चालायला लागलं — जुन्या मशीनपेक्षाही सावकाश. त्यांनी मला दुकानात फोन केला. मी गेलो, खोकं उघडलं, धूळ नसताना धूळ झटकली आणि म्हणालो, होईल. त्या दिवसभर मशीनपुढं बसून राहिल्या होत्या. वसुबारस आली. गावोगावच्या डेअरीवर माणसं आली, बाया आल्या. निम्म्या गावांच्या चिठ्ठ्या निघाल्याच नव्हत्या. आबांना त्यांच्याच गावच्या चौकात बायांनी घेरलं. आबांना राग आला तो चिठ्ठ्यांचा नाही. माईकवर बोललो आणि तोंडघशी पडलो, याचा.

दिवाळी झाल्यावर बैठक झाली. त्याच सभागृहात, त्याच जांभळ्या टेबलापाशी. मला बोलावलं होतं, साळवे मॅडमना उभं केलं होतं. उभं केलं होतं, असंच म्हणतो, कारण खुर्ची पाव्हण्याला, म्हणजे मला, दिली होती. आबा म्हणाले, "आपल्या समद्यांच्या म्होरं पळालं हुतं का न्हाई? मंग आता काय झालं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. साळवे मॅडमनीही. त्यांच्या नजरेत राग नव्हता; मी इंजिनिअर आहे, आता मी कारण सांगेन, अशी त्यांची खरोखरच अपेक्षा होती.

मी म्हणालो, मशीन उत्तम आहे. ते तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. दाखवलं त्यानंतर प्रोग्राममध्ये काही बदल झाला का, ते मॅडमना विचारा.

बस, इतकंच. मी त्यांच्यावर थेट आरोपही केला नाही. फक्त दार उघडून दिलं, आणि सगळे त्यातून आत गेले. दरपत्रक बदललं होतं, ते त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. मग एकजण म्हणाला, शिकाऊ काम असतंय हे. दुसरा म्हणाला, मी आधीच म्हणत होतो, इतकं मोठं काम असल्या माणसांवर सोपवू नये. 'असल्या' म्हणजे कसल्या, ते त्यानं सांगितलं नाही. मी जातीचं काही बोललो नाही. तिथं कुणीच बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. दोष कुणाच्या अंगाला पटकन चिकटेल हे मला खुर्चीत बसण्याआधी माहीत होतं का? होतं. मी याच जिल्ह्यात वाढलो.

त्यांना कामावरून काढलं नाही. खर्ड्याला संघाचं दूध थंड करायचं केंद्र होतं, तिथं फॅट तपासायला पाठवलं. राहुरीपासून खर्डा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. पुण्याहून नवा प्रोग्राम विकत आणला, आणि तो त्याच सर्व्हरवर वाऱ्यासारखा पळाला. झालं! मशीन निर्दोष ठरलं, मी निर्दोष ठरलो. आबांनी पुढच्या दसऱ्याला मला फेटा बांधला.

नवा प्रोग्राम का पळाला? ते मला पुण्याला एका प्रशिक्षणात कळलं. तो भारी प्रोसेसर नव्या पद्धतीनं लिहिलेल्या प्रोग्रामसाठी घडवलेला होता. जुन्या पद्धतीचं, म्हणजे त्या वेळी आमच्या भागात जे जे चालत होतं ते जवळजवळ सगळं, त्याच्यावर अडखळायचं. आमचा गेमही त्यातलाच. यात साळवे मॅडमच्या प्रोग्रामचा दोष नव्हता. साध्या मशीनवर तो अजून वर्षानुवर्षं छान चालला असता. शिकवणारा माणूस हे सांगत होता आणि बाकीचे लिहून घेत होते. मी लिहून घेतलं नाही.

इथवर आल्यावर तुम्हाला वाटेल, झालं, कबुली संपली. वायरी बदलल्या, बैठकीत खरं दडवलं, एका बाईंची बदली झाली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, की हाच माझा गुन्हा. त्याला निदान भीती होती, घाई होती, समोर माणसं होती. पण तो वळसाच होता. आत्तापर्यंत मी तुम्हाला सोपं तेवढं सांगितलं.

पुढं दोन-अडीच वर्षांनी मी दुकान सोडून स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं होतं. आबा निवडणुकीत पडले होते. संघात नवीन माणसं आली होती. मला फेटा बांधणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. संघानं आता सगळ्या केंद्रांना एकेक साधं मशीन दिलं होतं, आणि खर्ड्याचं बंद पडलं म्हणून मला फोन आला. मी गेलो. जाताना मनात आलं का, की त्या तिथं असतील? आलं. तरी गेलो. उलट, जामखेडच्या पुढं गेल्यावर मी ठरवलंसुद्धा, की आज सांगून टाकायचं. वाक्यही तयार केलं होतं.

उन्हाळ्याची दुपार होती. खर्ड्याच्या किल्ल्याकडून गरम वारा येत होता आणि केंद्राच्या दारात रिकाम्या कॅन उलट्या करून ठेवल्या होत्या. साळवे मॅडम बाहेर आल्या. अंगावर पांढरा कोट, बोटांना तपासणीच्या आम्लाचे पिवळे डाग. मला बघून त्यांना आनंद झाला. हो, आनंदच. इतक्या लांब ओळखीचं माणूस आलं म्हणून. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, माझ्या मुलांची चौकशी केली. मी मशीन उघडलं. आत पालीनं अंडी घातली होती, ती काढली. त्या शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "सर, एक विचारू का? जामखेडला कॉम्प्युटरचा क्लास निघालाय. प्रोग्रामिंग शिकवायला मला बोलावतायत. त्यांना उद्या सांगायचंय. पण मला काय वाटतं, माझंच कुठं चुकलं ते मला अजून उमगलेलं नाही, तर मुलांना काय शिकवू? त्या दिवशी सगळ्यांसमोर माझा प्रोग्राम पळाला होता. म्हणजे मशीन चांगलं होतं. मग नंतर माझ्या हातून काय बिघडलं? मी दरपत्रकाचा तो भाग मनातल्या मनात किती वेळा चालवून बघते. मला तर काही सापडत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही तेव्हा बघितलं होतं."

म्हणजे बघा, अडीच वर्षं. फॅट काढायला दुधाच्या नळ्या फिरवताना, एसटीची वाट बघताना, त्या स्वतःची न केलेली चूक शोधत होत्या. आणि सापडत नाही याचा अर्थ चूक नाही, असा न घेता, आपल्याला ती दिसण्याइतकी अक्कल नाही, असा घेत होत्या. कारण सभागृहात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते डोळ्यांनी पाहिलेलं मी कापडाखाली तयार केलं होतं.

तिथं आम्ही दोघंच होतो. आबा नव्हते, संचालक नव्हते. माझं कुणी काही बिघडवू शकत नव्हतं. तयार केलेलं वाक्य तोंडात होतं. ते उच्चारायला किती वेळ लागला असता?

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो — हो, मॅडम, ते दरपत्रकाच्या जागीच होतं. प्रत्येक चिठ्ठीला तुम्ही अख्खं दरपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत होता. त्यानं वेळ खाल्ला. नवशिक्याकडून होतं असं.

हे मी जागच्या जागी रचलं. पटेल असं रचलं, कारण तेवढं ज्ञान आता मला होतं. वायरी बदलल्या तेव्हा मी अडाणी होतो. आता शिकलेलो होतो, आणि त्या शिक्षणाचा मी हा उपयोग केला. 'नवशिक्याकडून होतं' हे तर कुणी मागितलंही नव्हतं. ते मी वरून घातलं.

त्यांचे ओठ हलत होते. मनात प्रोग्राम परत चालवत असाव्यात. मला क्षणभर भीती वाटली, की त्यांना कळेल, त्या म्हणतील, नाही सर, मी तसं लिहिलंच नव्हतं. पण अडीच वर्षांत माणूस स्वतःचं लिहिलेलं विसरतं, आणि समोर इंजिनिअर बसलेला असतो. त्यांनी मान हलवली.

"असेल," त्या म्हणाल्या. "तिथंच असेल. बघा, इतकं साधं, आणि मला दिसलं नाही." मग हसून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही भेटलात. आता डोक्यातून जाईल. त्या क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवते. उगीच कुणाच्या पोरांचं नुकसान नको."

बाहेर गावांकडून दुधाची गाडी आली, हॉर्न वाजला. त्या उठल्या, कोटाची बटणं लावली. मी कव्हर बसवून स्क्रू आवळत होतो. दारातून वळून त्या मला म्हणाल्या, "थँक्यू, सर."

मी म्हणालो, "असू द्या."